झाडलोट

यंदा पूर उशिरा ओसरला.
माग्दालेना अंगणातून निघून गेली
तसं आम्ही वडिलांचं कामाचं बाक उचललं
आणि परसात नेऊन जाळलं.

शेजारच्या दोन्या ओल्फा कुंपणावरून ओरडल्या,
'मेलेल्या बापाचं बाक जाळतेस, उदालिस?'
मी म्हटलं, धूर येत असेल तर खिडकी लावा.

चाळीस वर्षं त्यांनी त्यावर तार ओढली,
केसाहून बारीक, दोन तारांना पीळ देऊन
चपटी केली, तिची फुलं वळली, मासे वळले.
कानशीखालून जे उडालं ते फटींत गेलं,
लाकडाच्या रेषांत, खिळ्यांच्या मुळाशी,
आणि तिथेच राहिलं
कुणी हिशेब न मागता.

नीसिदानं राख चाळली, धुतली,
परातीत फिरवली, पुन्हा धुतली.
मूस. टाकणखार. फुंकणी.
तळाशी एक थेंब:
सव्वीस ग्रॅम आणि वर थोडं.
नीसिदा हसली, मग गप्प झाली.

एवढं तर एवेलियो एका फेरीत आणायचा.
धाकटा भाऊ माझा. वर, नेचीच्या काठी
गाळ उपसून, पारा ओतून, हातांनी मळून
तव्यात गोळा ठेवायचा, खाली स्टोव्ह.
पारा उडायचा, सोनं मागे राहायचं.
सोन्याचा धूर निघतो म्हणतात ना श्रीमंतांच्या गावी,
तो मी पाहिलाय.
पांढरा असतो.
त्याला वास नसतो.
त्यात माझा भाऊ उभा होता तेरा वर्षं
आणि मी तेच सोनं घेऊन इथे मॉम्पॉक्समध्ये
चतुराच्या पंखांसारखे लोलक करत होते,
बोगोताच्या बाईंना सांगत होते:
सगळं हातानं केलेलं.

खोटं नव्हतं ते.
कुणाच्या हातानं, एवढंच कुणी विचारलं नव्हतं.

मागल्या ईस्टरला तो घरी आला.
तारकाम विसरलो नाही म्हणाला, दे चिमटा.
चिमटा बशीवर वाजत राहिला.
वडील असते तर म्हणाले असते, पिऊन आलाय.
मी काही म्हणाले नाही.
बशी काढून घेतली.

तेव्हापासून वरचं सोनं बंद.
सांगायला सोपं आहे.
पाच कारागीर होते, तिघं राहिले.
आता मोड घेतो: जोडी हरवलेलं एक डूल,
आजोबांचा दात, लग्न न झालेल्या लग्नाची अंगठी.
तेजाबाऐवजी लिंबाचं सत वापरतो,
डाग जायला दुप्पट वेळ लागतो.
हात धुतलेलं पाणी पिंपात साठवतो,
आणि ॲप्रन, ब्रश, घाम पुसलेला रुमालसुद्धा
वर्षातून एकदा जाळतो.

आणि मोडीचं सोनं तरी कुठे धुतल्या तांदळाचं?
त्या दातामागे, त्या अंगठीमागे
कुठली नदी, कुठला खड्डा, कुणाची पाठ,
मुशीला विचारलं तर मूस सांगत नाही.
मी इतकंच म्हणू शकते
की या लोलकासाठी पुन्हा नव्यानं
कुणी धुरात उभं राहिलं नाही.
बोगोताच्या बाई त्याचं प्रमाणपत्र मागतात.
मी त्यांना बाकाची गोष्ट सांगते.
त्या 'किती सुंदर' म्हणतात
आणि भाव कमी करायला सांगतात.

एवेलियो सकाळी दुकान झाडतो.
चिमटा नाही धरवत, केरसुणी चालते,
केरसुणीला थरथर कळत नाही.
कोपऱ्यांतून, उंबऱ्याच्या खाचेतून,
एकच जागा तीनतीनदा.

काल दुपारी सुपली उन्हात धरून म्हणाला,
'हे बघ.'
मला काहीच दिसेना,
सुपली हलत होती.
मी खालून हात लावला.

मग दिसला. एक कण.
किंवा माशाचा खवला असेल,
धुतल्याशिवाय कळायचं नाही.