सव्वीस नंबरचा दिवा

अकरा चाळीसची बस विजयनगरहून सुटते
तेव्हा आत आम्ही नऊजण. पलासियाला सहा.
नवलखा गेला की उरते मी, कोचिंगचा एक झोपलेला मुलगा
आणि बद्रीलालजी, जे आरसा असा वळवून ठेवतात
की मी त्यात जेमतेम मावते.
दाराशेजारी लाल बटण आहे, संकटात दाबायचं.
त्यावर कुणीतरी आपली टिकली चिकटवून गेलंय.
दाबलं तर काय वाजतं, कुठे वाजतं,
बद्रीलालजींनाही ठाऊक नाही.
"आज तक किसी ने दबाया नहीं," ते अभिमानाने सांगतात.

राजीव गांधी चौकात उतरायचं.
तिथून राजेंद्रनगरच्या पुलापर्यंत दिवे एकेचाळीस,
त्यातले सहा बंद. अर्ज दोनदा दिलाय.
पहिल्यांदा दिला तेव्हा पाच बंद होते.

आई फोनवर असते. बोलत नाही काही,
नुसती असते. मधूनच भांड्याचा आवाज,
मधूनच बाबांचा खोकला, मग एक "हं".
तो "हं" कानात धरून मी चालते,
बोटांना स्पिरिटचा वास,
दिवसभर दुसऱ्यांच्या रक्ताच्या नळ्यांवर
नावं चिकटवल्याचा.

सराफ्यात या वेळी गराडूवर मसाला पडत असतो.
इंदूर झोपत नाही, पाहुण्यांना आम्ही सांगतो.
जागं असणं वेगळं, भिया,
लक्ष असणं वेगळं.

आणि मग खराटा.
डांबरावर दोन लांब ओढी, एक झटका.
तो ऐकू आला की माझे खांदे आपोआप खाली येतात.
अडीच वर्षं मी तिला मनात
सव्वीस नंबरचा दिवा म्हणत आले,
कारण त्या खांबापाशी ती असायची,
चमकत्या पट्ट्यांचं जाकीट, धुळीसाठी नाकावर बांधलेली ओढणी.
चेहरा कधी पाहिला नव्हता.
दिव्याचा कोण पाहतो?

गेल्या मंगळवारी खराटा वाजला नाही.
चोवीस, पंचवीस. चपलेचा आवाज फक्त माझाच.
ती दुभाजकाला टेकून उभी होती,
खराटा उलटा धरून, दांडा पुढे.
"बेन, थोड़ी देर रुकोगी?
वो गाड़ी तीसरी बार घूम के गई."

मी? मी थांबू?
माझ्या घरी पोचण्याच्या हिशेबात
ही तर आधीच धरून ठेवलेली रक्कम होती.
तिच्या हिशेबात मी होते, असं ती सांगत होती:
"सवा बारा बजे थारी चप्पल सुणूं,
तब जाके पुल के नीचे झाडू लगाऊं.
पेला नी."

"कोण गं ती?" आई कानात.
"नाव विचार तिला."
सुगना.
"तिला सांग, मी पण आहे. स्पीकरवर टाक."

गाडी चौथ्यांदा आली. पांढरी, काचा काळ्या.
हळू झाली.
आणि माझी आई, जी देवळातसुद्धा पुटपुटते,
भर रस्त्यात नारळाच्या वड्यांचं प्रमाण सांगू लागली,
खणखणीत, तीन वाट्या खोबरं, दोन वाट्या साखर,
मध्येच "अहो, गॅस बारीक करा" असं बाबांना,
जसं काही आमचं अख्खं घर
त्या खांबाखाली उभं आहे.
गाडी गेली.

काही झालं नाही.
काही न झाल्याची नोंद कुठे करतात,
कुठल्या ठाण्यात, कुठल्या खिडकीवर,
मला माहीत नाही.
पुलाखालचं झाडून होईपर्यंत मी तिची ढकलगाडी धरून उभी राहिले.
एक चाक सारखं डावीकडे ओढतं.

पगाराच्या दिवशी मी बूट घेतले होते,
मऊ तळव्यांचे, पाऊल वाजू नये म्हणून,
कुणाला कळू नये मी जाते आहे म्हणून.
ते लॅबच्या कपाटात आहेत.
रात्री चप्पलच घालते, जुनी, टाच सुटलेली.
सव्वा बाराला ती चांगली वाजते.