कळ

मंगळवारी दुपारी ‘ळ’ गेला.
वीज गेली की साऱ्या कर्वेनगराला कळतं, तसं नाही.
हा एकटाच गेला, गुपचूप.
‘निथळत्या उन्हात’ टाइप करायला गेले,
‘निथत्या उन्हात’ उमटलं,
आणि मी तीनदा चष्मा पुसला.

मशीन दहा वर्षांचं. बिजागरीला चिकटपट्टी.
पंखा असा घरघरतो की खालचे देवस्थळी विचारतात,
पिठाची गिरणी घातलीत का वर?
यंदा भिशी जूनमध्येच लागली माझी.
बावन्न हजार, पिवळ्या पाकिटात, तूरडाळीच्या डब्यामागे.
पुरतील. पण

“थांब गं मावशी,” हिंजवडीहून ओजस म्हणतो,
“ऑक्टोबरात नवी चिप येतीय.
आत्ता घेशील आणि तीन महिन्यांत जुनी होशील.”
‘जुनी होईल’ म्हणायचं असणार मशीनबद्दल.
फोनवर तुटतं जरा बोलणं.

तपकीर गल्लीतला पोरगा तर विकायलाच बसलेला,
तोही म्हणाला, घाई नाय ना ताई?
दिवाळीला सेल लागतो. बॅग फुकट, माऊस फुकट.
घाई नाही, म्हणाले मी,
आणि पार्किंगचे वीस रुपये देऊन घरी आले.

घरी दोन दिवाळी अंक, एक प्रबंध,
वधूवर मेळाव्याची पुस्तिका.
जुन्या फाइलीतून एक ‘ळ’ उसना घेतला,
कॉपी केला, लागेल तिथे चिकटवत बसले.
‘जुळवाजुळव’ला दोनदा.
एका पानात चाळीस-बेचाळीस निघतात. मोजलेत.
पानामागे पैसे मिळतात, चिकटवण्याचे नाही.

थांबण्यात मी तशी मुरलेली आहे.
मेट्रो येईल म्हणून स्कूटर घ्यायची थांबले;
मेट्रो आली, वनाझला,
आणि वनाझला जायला रिक्षा लागते.
डोळ्याचं ऑपरेशन थांबवलं,
मोतीबिंदू पिकू दे म्हणून.
पिकायला काय, पिकतंच.

गुरुवारी टिळेकर प्रूफं घेऊन आले.
कधी हसत नाहीत, त्या दिवशी हसले.
माझ्या हातून निसटलेल्यांभोवती तांबडी वर्तुळं:
वे. का. सका. संध्याका.
‘दिवाळी’तली वेलांटी नुसतीच हवेत लटकलेली.
“बाई, अख्ख्या अंकात वेळच नाही उरला तुमच्याकडे.”
चहा पिऊन गेले. कप धुतला, तरी ते वाक्य
बेसिनपाशी उभंच.

रात्री मी उगाच टाइप करून पाहिलं:
नंतर. उद्या. बघू. थांब.
सगळे धडधाकट उमटले.
वाट पाहायचं अख्खं व्याकरण
या मशीनवर अजून शाबूत आहे.
खरं सांगायचं तर ‘आत्ता’सुद्धा उमटला, दोन्ही त सकट.
तेव्हा मशीनला दोष देता येईना.

मग झोप लागली नाही.
नवी चिप येणार, ऑक्टोबरात. तिच्यापुढची मार्चमध्ये.
ओजसची सून येईल तेव्हाही कुठली तरी
पुढच्याच महिन्यात येणार असेल,
आणि तो मला फोन करेल, मी असले तर.

शनिवारी पाकीट पोटाशी धरून
पीएमटीनं गेले, मंडईला उतरले.
काउंटरवर मांडलेल्या मशीनवर पोरानं
काय काय दाखवलं. स्क्रीन. कोपरे.
एका हातानं उचलून दाखवलं, ट्रेसारखं.
मी म्हटलं, मराठी चालू कर जरा.
आणि ओळभर ‘ळ’ काढले,
ळळळळळळळळ,
शाळेत पाटीवर काढायचे तसे,
तो बघतच राहिला.

ताई, दिवाळीला खरंच स्वस्त
बिल कर, म्हटलं.

बसमध्ये मांडीवर खोकं. ओजसचा मेसेज:
घेतलास?? किती कोअर? रॅम?
मला माहीत नव्हतं.
कळवलं: ळ आहे.