अकरा एके

कुल्याशच्या खिडकीतून तारेचे अकरा खांब दिसायचे.
बारावा टेकाडामागे,
म्हणजे तिच्या लेखी नव्हताच.

मी लाइनमन. माझ्या वहीत त्यांचे नंबर
चारशे सहा ते चारशे सोळा.
तिच्या वहीत प्रत्येकाचा नंबर एक,
आणि सगळे मिळून
अकरा अब्ज अकरा कोटी अकरा लाख
अकरा हजार एकशे अकरा.

दिवसाला दोन मालगाड्या.
सांधा बदलून झाला, कंदील दाखवून झाला,
की मधले नऊ तास
स्टेपवरचा वारा, ती,
आणि मालाच्या पावत्यांची कोरी पाठ.
अकरा एके अकरा म्हणून सुटका होणारा
पाढा नव्हता हा.

तीननं भागलं, दोन उरले.
सातनं भागलं, तरी दोनच.
तेरानं, नऊ.
एक्केचाळीसनं दहा खांब सावकाश चघळले
आणि तो अकराव्यापाशी थबकला,
माझा उंट थबकतो तसा, पाठ घासायला.

"कशासाठी हे?"
तिनं चहात दूध ओतलं, खारट कुर्त पुढे सरकवलं.
"कुणाचा तरी भाग जात असेल ना," म्हणाली.

हजार मूळ संख्या झाल्या. दीड हजार.
शेजारच्या फाट्यावरून रद्दी मागवून झाली.

फेब्रुवारीच्या बुरानात चारशे बारा आडवा झाला.
तिसऱ्या दिवशी पोचलो, तर ही दारात, गाल लाल:
"दहाच राहिले बघ, आणि किती माणसाळले!
अकरानं जातात, एक्केचाळीसनं जातात,
दोनशे एकाहत्तरनं, नऊ हजार एक्क्याण्णवनं.
एका दुपारीत संपलं सगळं."
बर्फाखाली माती लोखंड झालेली. पहारीच्या ठिणग्या उडत होत्या.
"मग राहू दे आडवा?"
बराच वेळ ती त्या फटीकडे बघत राहिली.
"नको. उभा कर."

उन्हाळ्यात मोजणीवाल्यांबरोबर राउशान आली, विद्यार्थिनी.
पावत्यांचे गठ्ठे पाहून तिला हसू आवरेना.
"आपा, याचा मूळ भाजक असाच असणार,
की बावीसनं भागल्यावर एक उरेल.
दहातल्या नवांना हात लावायचंही कारण नव्हतं!"
कुल्याशनं तिला पुन्हा चहा दिला.
गठ्ठे उचलून पलंगाखाली ढकलले.
त्या दिवशी ती कुणाशी बोलली नाही.
त्यानंतरही तिनं एकही संख्या गाळली नाही.
कारण मी विचारलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात एकदा
मालगाडी सिग्नलबाहेर सहा मिनिटं शिट्ट्या मारत उभी राहिली.
तिच्या एकोणीस वर्षांच्या नोकरीतला तेवढाच एक लाल शेरा.
कारणाचा रकाना कोरा.

त्याच संध्याकाळी, माझ्याच तारांमधून, तिचा फोन आला.
खरखर, वारा, आणि मग: "सापडला."
माझा उंट तेव्हा आठवडाभर बेपत्ता होता.
"कुठे?" मी ओरडलो.
"एकवीस हजार सहाशे एकोणपन्नासला.
बाकी शून्य. तीनदा गुणून पाहिलं."

मी एव्हाना एका हातानं
घोड्याचं खोगीर खाली ओढलं होतं.