लेखाशीर्ष

तिएन शानच्या कुशीत, नारीनच्याही वर,
उणे अठ्ठावीसात बुरुलकानबाईंनी
पुस्तकांच्या पैशातून कोळसा घेतला. दोन टन.
पावती जोडलेली. खाडाखोड नाही.
लपवाछपवीही नाही, हीच तर अडचण.

अनुदान माझ्या सहीचं, म्हणून मीच गेले तपासायला.
वर्ग ऊबदार. कोट खुंटीला.
बत्तीस मुलं, पुस्तकं चार,
आणि मागच्या बाकावरचा एल्दियार
शेजाऱ्याच्या पानाकडे मान वाकडी करून
अर्धंच वाक्य वाचत होता.
उरलेलं अर्धं शेगडीत.

हातमोजे काढून, त्याच शेगडीवर बोटं शेकत
मी लिहिलं: नियमबाह्य खर्च, वसुलीस पात्र.
बाई म्हणाल्या, "लिहा. खरंच आहे ते."
आणि चहा पुढे केला.

परतताना खिंडीत फाईल पुन्हा उघडली.
सप्टेंबरचा त्यांचा अर्ज होता आत:
इंधनासाठी रक्कम मिळावी.
कोपऱ्यात शेरा, "पाहिले",
खाली माझी वळणदार सही.

'जबाबदार व्यक्तीचे नाव' या रकान्यात
जागा एकाच नावाची.
गाडी थांबवायला सांगितली.
धक्क्यांत अक्षर बिघडलं असतं,
आणि हे नाव
नीट वाचता यायला हवं होतं.