पलीकडचा टॉवर

टॉवेलच्या गाठी भरून हे एमआयडीसीतून निघाले,
सहाव्या दिवशी रक्सौल.
पुढं पूल, पुलापल्याड नेपाळ.
रांग तीन किलोमीटर,
आणि कस्टमचा साहेब जेवायला गेलेला, कालपासून.

रात्री फोन आला.
अजून आपल्याच हद्दीत आहे, म्हणाले.
मग काय, आरामात बोललो. अकरा मिनिटं.

सकाळी क्लीनर मल्लूच्या फोनवरून निरोप:
मालकांचा बॅलन्स संपला, रिचार्ज मारा.

अशोक चौकात जिलानीच्या दुकानात गेले.
त्यानं इकडं तिकडं बोटं फिरवली, म्हणाला,
"वहिनी, गाडी अलीकडंच आहे,
पण फोन रात्रीच पलीकडं जाऊन आला.
तिकडचा टॉवर जवळ पडतो. फोनला कुठली आलीय रांग?
मिनिटाला चाळीस. एक सेकंद वर गेला
तरी अख्खं मिनिट धरतात."
ऐकायचेसुद्धा?
"ऐकायचेसुद्धा."

मला रुपयांत लवकर कळत नाही, विडीत कळतं.
हजाराला दोनशे, म्हणजे रुपयाला पाच,
मिनिटाला दोनशे विड्या. आठ कट्टे.
अकरा मिनिटं म्हणजे
सोमवार, मंगळवार, आणि बुधवारी चहापर्यंतची मी.

कारखान्यात येलप्पा माझ्या विड्यांतून छाट काढतो,
ही सैल, ही फाटकी, हिचं तोंड नीट मुडपलं नाही.
तशी मी घरी येऊन सूप मांडीवर घेतलं
आणि त्या रात्रीच्या बोलण्यातली छाट काढली.

"हॅलो, हॅलो, येतोय का आवाज?" एक मिनिट तरी. छाट.
पाणी पाचव्या दिवशी आलं, तेही पहाटे तीनला. छाट,
ते इथं आले की सांगता आलं असतं.
नणंदेच्या सासूचं गुडघ्याचं ऑपरेशन,
कुठला डॉक्टर, किती टाके. सगळं छाट.
कुकरची शिट्टी झाली म्हणून मी उठले,
फोन तसाच ओट्यावर, ते तिकडं थांबलेले:
शंभर विड्या, डाळ शिजेपर्यंत.
"जेवलात का?" तीनदा विचारलं.
एक ठेवलं, दोन काढली.

आणि मध्येच दोघंही गप्प होतो,
मागं कुणाचा तरी डिझेलचा पंखा फिरत होता
आणि ते नाक ओढत होते, सर्दी झालेली.
ते किती वेळ, आठवत नाही.
ते चांगल्यात टाकू की छाटीत,
पानं वाळायला लागली तरी ठरेना.

मग मल्लूच्याच फोनवरून ठरवून घेतलं.
एक रिंग: पूल ओलांडला.
दोन: गाडी खाली झाली.
तीन: परत निघालो.
उचलायचा नाही.
न उचललेल्या फोनला अजून तरी कुणी पैसे लावले नाहीत.

परवा एक वाजली. पोरीनं कॅलेंडरवर पेनानं पूल काढला.
काल दोन.
आज दुपारी तेंदूची पानं कापत होते,
कातर हातात, पत्र्याचा माप पानावर,
वाजला. एक.
दोन.
तीन. निघाले म्हणायचे, बरं झालं.
चार.

चौथीचं काही ठरलंच नव्हतं.

तंबाखूचा हात पदराला पुसला नाही, तसाच उचलला.
"काय झालं?"
"काही नाही. चुकून राहिला चालू."
"मग ठेवा."
"ठेवतो."
ठेवला नाही.
मीही नाही ठेवला.
पंखा नव्हता आज. कुठंतरी घंटी वाजत होती,
देवळाची की सायकलची, कळलं नाही.
"सर्दी?"
"गेली."

मग कट झाला. कुणी केला, माहीत नाही.
स्क्रीनवर आकडा: एक मिनिट पंचवीस सेकंद.

म्हणजे दोनच धरणार. चारशे विड्या.
कातर उचलली, एक पान कापलं, दुसरं कापलं,
तेव्हा कुठं लक्षात आलं,
पस्तीस सेकंद शिल्लक होते आमचे,
पैसे भरलेले,
आणि आम्ही ते तिकडंच सोडून आलो.