दुरुस्तीची वही

कास्किनेनच्या धक्क्यावर, जुन्या मीठगोदामात
राकेलचे तीन माग आहेत, एक शिलाईयंत्र,
आणि खुंटीला सुतळीनं टांगलेली जाडजूड वही.
तिच्यात विक्री लिहीत नाहीत.
विक्रीची वही वेगळी. पातळ.

"इथलं कापड जन्मभर फुकट दुरुस्त करून मिळेल"
असं तिनं पहिल्याच वर्षी
उत्साहाच्या भरात दारावर रंगवलं.
कुणाच्या जन्मभर, ते लिहायचं राहिलं.

हिशेब तिचा भाऊ बघतो, यालमारी.
बटणं मोजून ठेवतो, कात्रणं वजन करून,
चिंधीसुद्धा वाया जाऊ देत नाही,
आणि दर डिसेंबरात कपाळाला हात लावतो:
"माल चांगला निघाला, हीच आपली पंचाईत.
ह्या ताइस्तो कार्नानं एकोणीस वर्षांत
आपल्याकडून एक डगला घेतला.
एक!"

वहीत मात्र ताइस्तो जागोजागी.

*ता. कार्ना. उजवं कोपर. बर्फाखालचं जाळं ओढताना.*
*ता. कार्ना. डावं कोपर. तेच जाळं.*
*ता. कार्ना. खिसा. कुत्र्याचं पिल्लू (खिशात होतं).*
*ता. कार्ना. दोन्ही बाह्या नव्या. रंग जुळला नाही,
यंदा मेंढ्याच जरा तपकिरी निघाल्या.*
*ता. कार्ना. कॉलर. उद्या सकाळपर्यंत हवा,
बायकोचा अंत्यविधी.*

मूळचं कापड आता पाठीवर तेवढं,
आणि आतल्या बाजूला, काखेपाशी, वीतभर.
तरी गावात कुणी विचारलं तर तो सांगतो,
तोच आहे. तोच.

यंदा मार्चमध्ये आला.
बूट दाराशी काढले, डगला टेबलावर ठेवला,
कॉफी घेतली. मग दुसरा कप.
राकेलनं डगला उलटा केला, खिडकीशी धरला,
शिवणीशिवणीवरून बोट फिरवलं.
बाहेर बर्फ फोडत एक बोट गेली,
काचा थरथरल्या.

"कुठे फाटलाय?"
"कुठेच नाही."
तो बराच वेळ कपाच्या तळाशी बघत राहिला.
"दोन-दोन बोटं आत घे, दोन्ही अंगांनी.
डगला धड आहे.
मीच विरत चाललोय."

त्या रात्री तिनं शिवण उसवली.
आतून मासळीचे खवले निघाले, कुत्र्याचे केस,
आणि तिचेच जुने टाके,
तिशीतले, घट्ट, एकसारखे,
जणू कुणाशी पैज लावून घातलेले.
आता एवढ्या उजेडात
सुईत दोरा जायला तीन खेपा लागतात.

यालमारीनं मान वाकवून बघितलं.
"आतलं जादा कापड काप की.
दोन्ही अंगांचं मिळून हातमोज्याला पुरेल.
आणि हे लिहिणार कशात?
फाटलंच नाही तर दुरुस्ती कसली?"

तिनं कात्री त्याच्या हातातून घेतली,
खिळ्याला अडकवली.
कापड आत दुमडलं,
वरून सैल धावदोरा घातला,
एका ओढीत निघेल असा,
आणि वही उघडून कारणाचा रकाना
कोराच ठेवून पुढे लिहिलं:

*ता. कार्ना. दोन-दोन बोटं आत.
कापलेलं नाही. पुन्हा अंग धरलं
तर सोडता येईल.
आत माया ठेवली आहे.*