गेट नंबर दोन, सोहार

आमच्याकडे दोन शब्द आहेत.
गुरखा म्हणजे रात्री शिट्टी वाजवत फिरणारा,
एक तारखेला दाराशी दहा रुपये मागणारा.
आणि गोरखा म्हणजे पलटणीतला.
दोन्ही शब्द एकाच माणसाचे असू शकतात
हे मला सोहारला येऊन कळलं.

बाबा मराठा पलटणीत नाईक होते.
जेवताना एकदा म्हणाले,
शेजारच्या खंदकात गोरखे असले की
आम्ही बूट काढून झोपायचो.
एवढंच. ताटातली आमटी संपवून उठले.
पण आमच्या घरात शौर्य म्हणजे तेच होऊन बसलं,
दुसऱ्याला बूट काढून झोपता येणं.

टेकवीर घर्तीची उंची पाच फूट दोन इंच.
गुडघा देवळालीच्या मैदानावर कधीतरी फिरलेला,
मराठीही तिथलीच: "काय म्हणता साहेब",
आणि एक शिवी, जी तो फार आदराने वापरतो.
मस्कतची एजन्सी त्याच्या छातीवरच्या पट्टीचे
महिन्याला चाळीस रियाल जास्त लावते.
त्यातले त्याला किती मिळतात, मी विचारलं नाही.
मी टाइमकीपर. तास लिहितो.

खुकरी कुठे आहे, सगळे विचारतात.
केरळचा वेल्डर, पेशावरचा क्रेनवाला, मीसुद्धा.
घरी आहे, बायको भोपळा चिरते.
म्यानातून काढली की तिला रक्त लागतंच ना?
भोपळ्याला कुठलं रक्त, म्हणतो
आणि मोबाइलवर नातीचा पडलेला दात दाखवतो.

जुलै. बंदरावरून येणारा वारा
ओल्या घोंगडीसारखा तोंडावर पडतो.
साडेबारा ते साडेतीन उन्हात काम बंद,
नियम गेटवर चार भाषांत चिकटवलेला.
त्या दिवशी स्लॅब टाकायचा होता.
सकाळीच सिल्हेटचा एक पोरगा सळयांवर कोसळला,
त्याच्या ओठांना मीठपाणी लावलं टेकवीरनेच.
पावणेएकला काँक्रीटच्या तीन गाड्या आल्या,
ड्रम फिरत.

फोरमन म्हणाला, उघड.
टेकवीरने घड्याळ पाहिलं.
साडेतीनला, म्हणाला.

फोरमन ओरडला. मॅनेजर गाडीतून उतरला,
एसी चालूच ठेवून.
काँक्रीट आवळलं तर कोण भरणार?
टेकवीर बोलला नाही.
आडवा दांडा, दांड्यामागे तो,
हात पाठीशी, टाचा जुळलेल्या,
दुखरा गुडघाही सरळ.
मी कसलीतरी गर्जना होईल म्हणून वाट बघत होतो.
लाज वाटते सांगायला, पण बघत होतो.

त्याला बाजूला सारायला एक माणूस पुरला असता.
तो एक माणूस काही पुढे होईना.
चाळीस रियालचा शब्द
कंपनीनेच विकत घेतलेला,
आता कंपनीच्याच वाटेत उभा होता.

गाड्या वळल्या.
पत्र्याच्या शेडखाली शंभरेक माणसं आडवी झाली.
मी पाण्याचा कॅन द्यायला गेलो तेव्हा पाहिलं,
बऱ्याच जणांनी बूट काढले होते.
घामाचा वास, आणि कुणीतरी घोरत होतं.

गुरुवारी त्याची बदली झाली. दुक्मला म्हणे.
निघताना म्हणाला, "काय म्हणता साहेब",
आणि मला काहीच म्हणता आलं नाही.
नव्या गार्डच्या छातीवरही तीच पट्टी,
कुठला तू विचारलं तर नुसता हसतो.

रजिस्टरात त्या तीन तासांपुढे मी लिहिलंय:
गेट बंद. काम बंद.
पेन्सिलीने.
मॅनेजर अजून काही बोललेला नाही.
खोडरबर माझ्याच खणात आहे.